गोड्या पाण्यातून आलेले तांबे: किनाऱ्यावरील एका प्रवाळ टाकीचे प्रकरण

पार्श्वभूमी

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील समुद्रालगतच्या एका गावात निवास-न्याहारीचा व्यवसाय करणाऱ्या कुटुंबाच्या घरातील ही टाकी आहे. कुटुंबाच्या संमतीने हे प्रकरण येथे मांडले असून ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. टाकी, खालचा संप (पाणी गाळण्याची साधने ठेवण्याची जोडटाकी) आणि नळ्या मिळून प्रत्यक्ष पाणी सुमारे ३६० लिटर होते. पाणी विकतच्या कृत्रिम मिठापासून तयार केले जाई, क्षारता हजार भागांत ३५ च्या आसपास आणि तापमान २६ ते २७ अंश राखले जाई. टाकीत क्लाऊनफिशची एक जोडी, इतर काही लहान मासे, क्लीनर कोळंबी, टर्बो गोगलगायी, हर्मिट खेकडे आणि टाकी ठेवणारे ज्यांना मृदू प्रवाळ म्हणतात त्यांपैकी लेदर कोरल, मशरूम व झोअँथिड होते. कठीण प्रवाळ मात्र एकही नव्हते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये ते समाविष्ट असल्याने घरगुती टाकीत ते ठेवता येत नाहीत, आणि मृत प्रवाळांपासून मिळणारा ‘जिवंत खडक’ही त्याच कारणाने टाळलेला बरा. त्यामुळे खडक चिनी मातीचे होते आणि तळाला शिंपल्यांच्या चुऱ्याचा जाड थर होता. हा थर पुढे महत्त्वाचा ठरणार असल्याने त्याची नोंद आताच करून ठेवतो.

टाकी तीन वर्षे उत्तम चालली होती. घराला पाणी स्वतःच्या विहिरीचे होते. जांभ्याच्या कातळातील विहिरींचे पाणी पुष्कळदा असते तसे तेही मऊ आणि किंचित आम्लधर्मी होते: टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे एकूण प्रमाण) लिटरला ५५ मिलिग्रॅमच्या आसपास, पीएच ६.२. टाकीसाठी हे पाणी स्वयंपाकघरातील आरओ यंत्रातून गाळून घेतले जाई. इतक्या कमी टीडीएसच्या पाण्याला पिण्यासाठी आरओची गरज होती का, हा प्रश्न वेगळा आहे (राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये, ५०० पेक्षा कमी टीडीएस असलेल्या ठिकाणी आरओच्या वापराला मनाई करणारे नियम करावेत, असे निर्देश दिले होते). टाकीच्या दृष्टीने मात्र ती सवय चांगलीच होती. त्या वर्षी दिवाळीत जुने यंत्र काढून नवे बसवण्यात आले. घरातील वडीलधाऱ्या मंडळींच्या प्रकृतीसाठी शहरातल्या मुलाने ते पाठवले होते. टाकीच्या वहीत या बदलाची नोंद झाली नाही, कारण तो टाकीतील बदल आहे असे कोणालाच वाटले नाही.

अडचण कशी पुढे आली

मार्च महिन्यात उकाडा वाढल्यावर टाकीवर पंखे सुरू झाले. चिलरपेक्षा पंख्याने पाणी थंड करणे स्वस्त पडते, पण त्याची किंमत बाष्पीभवनात मोजावी लागते. दिवसाला दोन-तीन लिटर लागणारा टॉप-अप (उडून गेलेल्या पाण्याची गोड्या पाण्याने भरपाई) सात लिटरांवर गेला. एप्रिलच्या मध्यापासून गोगलगायी काचेवरून गळून पडू लागल्या. त्यांना पुन्हा सरळ केले तरी त्या काचेला धरत नसत. एक कोळंबी कात टाकताना अर्ध्यावर मेली. लेदर कोरल महिनाभर मिटलेले राहिले. एरवी हे प्रवाळ काही दिवस मिटून, वरचा मेणचट पापुद्रा टाकून पुन्हा फुलते, तसे या वेळी झाले नाही. मासे मात्र नेहमीप्रमाणे खात होते आणि क्लाऊनफिशने त्याच काळात अंडीही घातली.

मासे धडधाकट आणि अपृष्ठवंशीय प्राणी आजारी, हे चित्र ओळखीचे आहे. माशांवरील परजीवींसाठी विरघळलेले तांबे लिटरला १५० ते २०० मायक्रोग्रॅम इतके वापरले जाते आणि बहुतेक मासे ते सोसतात, पण त्याच्या अंशमात्र प्रमाणातही गोगलगायी, कोळंबी आणि प्रवाळ टिकत नाहीत. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने समुद्री जलचरांसाठी विरघळलेल्या तांब्याची अल्पकालीन मर्यादा ४.८ आणि दीर्घकालीन मर्यादा ३.१ मायक्रोग्रॅम प्रतिलिटर अशी ठरवली आहे. खुल्या समुद्राच्या पृष्ठभागावर ते प्रमाण याहून बरेच कमी असते. यातला विचित्र भाग असा, की कोळंबी आणि गोगलगायी यांच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारे द्रव्य तांब्यावरच आधारलेले असते. म्हणजे तांबे त्यांना लागतेच, फक्त ते कल्पनेपलीकडे थोडे लागते.

कुटुंबाच्या मनात तांबे आले होते. त्यांनी बाजारात मिळणाऱ्या रंगबदलाच्या किटने टाकीतील पाणी तपासले आणि उत्तर शून्य आले. येथे प्रकरणाचा पहिला फाटा आहे. अशा किटमध्ये साधारण ३० ते ५० मायक्रोग्रॅम प्रतिलिटरखालचे तांबे डोळ्यांना दिसेल असा रंग देत नाही. औषधाची मात्रा मोजण्यासाठी ते किट योग्य असते, कारण तेथे प्रश्न १५० आहे की २०० एवढाच असतो. गोगलगाय का मेली, या प्रश्नाला त्या किटचे शून्य हे उत्तर नव्हे. तरीही त्या शून्यावर विसंबून तांबे संशयितांतून वगळले गेले आणि लक्ष नायट्रेट, क्षारता व प्रकाश यांच्याकडे वळले. मासे विकणाऱ्या दुकानदाराने अशा वेळी कोणीही देईल तोच सल्ला दिला: पाणी बदलत राहा. पंधरवड्याला ४० लिटर होणारा बदल दर आठवड्याला ६० लिटर होऊ लागला.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला, पंखे बंद झाले, टॉप-अप दोन लिटरांवर आला. पर्यटकांचा हंगाम संपून घरची शेतीची कामे सुरू झाल्याने पाणी बदलणेही मागे पडले. जुलैअखेर लेदर कोरल अर्धेमुर्धे उघडले. उन्हाळ्यातील उष्णतेने सगळे बिघडले होते आणि पावसाने ते सुधारले, असा निष्कर्ष निघाला आणि तो त्या वेळी पटण्यासारखाही होता. गणपती उरकल्यावर नव्या गोगलगायी आणि दोन कोळंब्या आणल्या गेल्या. ऑक्टोबरच्या उन्हात पंखे पुन्हा फिरू लागले आणि त्या सगळ्या गेल्या. तापमापकावर मात्र तापमान २७ च्या वर कधीच गेलेले नव्हते. या टप्प्यावर कुटुंबाने माझा सल्ला विचारला.

संशयितांची यादी

धातूचा शोध घेताना ‘धातू आहे का’ यापेक्षा ‘कोणते धातू एकत्र आहेत’ हा प्रश्न अधिक उपयोगी पडतो, कारण प्रत्येक स्रोत स्वतःचा जोडीदार बरोबर आणतो. पितळेतून तांब्याबरोबर जस्त येते आणि जुन्या पितळेतून थोडे शिसेही येते. गॅल्व्हनाइज्ड म्हणजे जीआय पाईपमधून प्रामुख्याने जस्त येते. स्टेनलेस स्टीलचा स्क्रू किंवा क्लॅम्प गंजला तर लोह, क्रोमियम आणि निकेल वाढते. लाट निर्माण करणाऱ्या पंपातील निओडिमियम चुंबकाचे आवरण तडकले तर लोह आणि निकेल यांच्यासोबत निओडिमियमही मिळू शकते. ॲल्युमिनियम वाढले असेल तर फॉस्फेट शोषणारे काही माध्यम किंवा मातीचे खडक पाहावेत, आणि कथिल वाढले असेल तर मऊ पीव्हीसी नळ्या पाहाव्यात. आणि फक्त तांबेच वाढले असेल, तर एक तर कोणी औषध वापरले आहे, किंवा पाणी शुद्ध तांब्याला लागून आले आहे.

घरातल्या प्रत्येकाचा संशय वेगळा होता. मालकांच्या मेव्हण्यांनी टाकीच्या पहिल्या वर्षी आपल्या ट्रॉलरमधून दोनदा समुद्राचे पाणी आणून दिले होते आणि बोटींच्या तळाला लावलेल्या रंगातले तांबे त्यातून आले असावे, असे ते स्वतःच म्हणत होते. संशय अगदीच निराधार नव्हता. कथिलयुक्त रंगांवर २००८ पासून आंतरराष्ट्रीय बंदी आल्यानंतर बोटींच्या तळाचे रंग प्रामुख्याने तांब्याच्या ऑक्साइडवरच अवलंबून आहेत, आणि जेटीजवळचे पाणी टाकीसाठी कधीच घेऊ नये. परंतु ते पाणी दोन वर्षांपूर्वीचे होते आणि टाकी त्यानंतरही उत्तम चालली होती. मालकांना स्वतःला लाट-पंपाचा संशय होता. तो उघडला तेव्हा चुंबकाच्या आवरणावर खरोखरच केसासारखी तड दिसली. खाऱ्या हवेत पत्र्याच्या झाकणाचे स्क्रूही गंजलेले होते.

माझा स्वतःचा पहिला अंदाज विहिरीच्या नळाचा होता. आम्लधर्मी, क्षार अगदी कमी असलेले पाणी पाईपमध्ये रात्रभर उभे राहिले की पितळी व्हॉल्व्ह, नळाची तोटी आणि जीआयचे सांधे यांना खात राहते. कोकणात टीडीएस मीटरवर ५५ चा आकडा पाहून पाणी ‘शुद्ध’ ठरवले जाते, पण तोच मऊपणा धातूला विरघळवतो. शिवाय टीडीएस मीटरला हा धातू दिसत नाही, कारण लिटरमागे १०० मायक्रोग्रॅम म्हणजे ०.१ मिलिग्रॅम आणि मीटरचा सर्वांत लहान टप्पाच १ मिलिग्रॅमचा असतो.

तपासणी

पंप आणि स्क्रू तत्काळ बदलले, कारण ते तसेही बदलायलाच हवे होते. पण तेवढ्यावर थांबून वाट पाहायची की नमुने तपासायचे, हा दुसरा फाटा होता. मालकांचा कल वाट पाहण्याकडे होता. मी तपासणीचा आग्रह धरला, तो केवळ एका कारणासाठी: पंप बदलल्यानंतर सुधारणा झाली असती तरी ती पंपामुळे झाली की थंडीत बाष्पीभवन घटल्यामुळे, हे कळले नसते. पावसाळ्यात हीच फसगत एकदा झाली होती.

त्याआधी कुटुंबाने स्वतःहून टाकीचे पाणी पिण्याच्या पाण्याची तपासणी करणाऱ्या एका प्रयोगशाळेत पाठवले होते आणि ‘तांबे: आढळले नाही’ असा अहवाल आला होता. अहवालात मोजमापाची खालची मर्यादा ५० मायक्रोग्रॅम लिहिलेली होती. प्रयोगशाळेचे काही चुकले नव्हते. धातूंचे सूक्ष्म प्रमाण मोजणाऱ्या आयसीपी-एमएस यंत्राला विरघळलेले क्षार साधारण ०.२ टक्क्यांपर्यंतच सोसतात आणि समुद्राच्या पाण्यात ते ३.५ टक्के असतात, म्हणून नमुना दहा-वीसपट पातळ करावा लागतो आणि मोजमापाची मर्यादा तितकीच वर जाते. दुसरी अडचण उलट दिशेची आहे: यंत्रातील आर्गॉन आणि पाण्यातील सोडियम यांचा संयुक्त आयन ६३ वस्तुमानाचा होतो आणि तांब्याच्या ६३ या समस्थानिकात मिसळून खोटे तांबे दाखवू शकतो. म्हणून खाऱ्या पाण्याचा नमुना देताना प्रयोगशाळेला दोनच प्रश्न विचारावेत: समुद्राच्या पाण्यात तुमची खालची मर्यादा किती, आणि तांबे ६५ या समस्थानिकावर पडताळता का? दोन्हींची समाधानकारक उत्तरे देणारी प्रयोगशाळा शोधण्यात बराच वेळ गेला. गोड्या पाण्याच्या नमुन्यांना ही अडचण नसल्याने ते जवळच्या प्रयोगशाळेत देता आले.

नमुने पाच ठिकाणांहून घेतले: विहिरीतून प्लास्टिकच्या बादलीने थेट, स्वयंपाकघरातील नळाचे पहाटेचे पहिले पाणी, तोच नळ काही मिनिटे वाहू दिल्यानंतर, आरओ यंत्रातून आणि टाकीतून. बाटल्या प्रयोगशाळेनेच दिलेल्या, आम्लाने धुतलेल्या होत्या. धातू बाटलीच्या भिंतीला चिकटून राहू नये म्हणून नमुन्यात नायट्रिक आम्ल घालावे लागते, ते प्रयोगशाळेने आधीच घातले होते. घरातल्या धुतलेल्या बाटलीत पाणी भरून कुरिअरने पाठवणे म्हणजे आकडा मिळवणे होय, माहिती मिळवणे नव्हे.

अहवालातून काय दिसले

विहिरीच्या पाण्यात तांबे मोजमापाच्या मर्यादेखाली होते. नळाच्या पहाटेच्या पाण्यात तांबे ४१, जस्त २६० आणि शिसे ३ मायक्रोग्रॅम प्रतिलिटर होते. नळ वाहू दिल्यावर तांबे ४ आणि जस्त ३० झाले. म्हणजे पितळ आणि जीआय पाईप यांचा अंदाज खोटा नव्हता. परंतु आरओ यंत्रातून आलेल्या पाण्यात जस्त अवघे ५ आणि तांबे ११० होते. टाकीत तांबे ३८, जस्त १९ आणि ॲल्युमिनियम ५५ होते. लोह आणि निकेल मर्यादेखाली होते, त्यामुळे चुंबकाला आणि स्क्रूंना दोषमुक्त करावे लागले.

गाळलेल्या पाण्यात न गाळलेल्या पाण्यापेक्षा तांबे जास्त, हा आकडा प्रथम चुकीचा वाटला. पण आरओचा पडदा तांब्यासारखे दुहेरी भाराचे आयन बहुतांशी अडवतो आणि जस्ताच्या आकड्यावरून तो पडदा नीट काम करत असल्याचे दिसतच होते. तेव्हा हे तांबे पडद्यानंतरच पाण्यात मिसळत असले पाहिजे. यंत्र पाहिल्यावर उलगडा झाला. पिण्याच्या पाण्यात मुद्दाम तांबे मिसळणारे कार्ट्रिज शेवटच्या टप्प्यावर बसवलेल्या प्रकारचे ते यंत्र होते. असे शुद्धक आपल्याकडे सर्रास विकले जातात आणि तांब्याच्या भांड्यातील पाण्याची परंपरा हाच त्यांच्या विक्रीचा आधार असतो. यंत्राच्या दर्शनी भागावर तो गुण ठळक अक्षरांत छापलेला होता. घरातील प्रत्येकाने तो वर्षभर वाचला होता.

यंत्रात दोष नव्हता, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, तांब्याची स्वीकार्य मर्यादा ०.०५ आणि पर्यायी स्रोत नसल्यास अनुज्ञेय मर्यादा १.५ मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे. जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शक मूल्य तर २ मिलिग्रॅम आहे. माणसासाठी ०.११ मिलिग्रॅम काळजीचे कारण नाही. पण केवळ स्वीकार्य मर्यादेइतके, म्हणजे ५० मायक्रोग्रॅम तांबे असलेले पाणीसुद्धा समुद्री जीवांच्या वर सांगितलेल्या अल्पकालीन मर्यादेच्या दहापट भरते.

आता उन्हाळ्याचा हिशेब मांडता आला. बाष्पीभवनात पाणी उडून जाते, धातू मागे राहतो. दिवसाला ७ लिटर टॉप-अप म्हणजे ७७० मायक्रोग्रॅम तांबे, म्हणजे ३६० लिटरांत दररोज सुमारे २.१ मायक्रोग्रॅम प्रतिलिटरची भर. पावसाळ्यात २ लिटरांवर तीच भर ०.६ इतकी उतरते. पाणी बदलण्याचा उपाय तर उलटाच पडत होता. टाकीतील प्रमाण ३८ धरले तर ६० लिटर जुन्या पाण्याबरोबर २,२८० मायक्रोग्रॅम तांबे बाहेर जाई आणि तेवढ्याच नव्या पाण्याबरोबर ६,६०० आत येई. दुकानदाराचा सल्ला जितक्या निष्ठेने पाळला गेला, तितके तांबे वाढले.

इतक्या भरीनंतरही टाकीत ३८ च का, याचे उत्तर तळातल्या थरात होते. कॅल्शियम कार्बोनेट तांबे शोषून धरते. काही भाग शेवाळ, खडकांवरील चिकट थर आणि स्किमरचा (फेसातून सेंद्रिय घाण काढणाऱ्या यंत्राचा) फेस यांत जातो. पाण्यातला आकडा लहान दिसतो, कारण साठा अन्यत्र असतो, आणि पाणी स्वच्छ केले की तो साठा हळूहळू पाण्यात परत येतो.

विचारात घेतलेले पर्याय

टाकी पूर्ण मोडून, खडक आणि चुरा फेकून नव्याने सुरुवात करणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग होता. तो न निवडण्याचे कारण मासे आणि उरलेले प्रवाळ हे होते. नव्या टाकीतील जिवाणूंची घडी बसेपर्यंत अमोनियाचा धोका तांब्याच्या धोक्यापेक्षा कमी नसतो. ईडीटीएसारखे तांब्याला बांधणारे द्रव्य टाकीत ओतण्याचा सल्ला कोणीतरी दिला होता. तो मी नाकारला. अशा द्रव्याने तांबे बांधले गेले तरी पाण्यातच राहते, आणि समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम इतके असते की ते द्रव्य त्यांच्यातही गुंतते.

प्राण्यांना दुसऱ्या भांड्यात हलवण्यावर बराच खल झाला. लेदर कोरल खडकाला घट्ट चिकटलेले होते आणि अशक्त स्थितीत ते कापून काढणे धोक्याचे होते. उलट उरलेले खेकडे, दोन गोगलगायी आणि मशरूमचे सुटे तुकडे सहज हलवता येत होते. शेवटी हलवता येईल तेवढेच हलवायचे असे ठरले. पाणी सुधारले का हे पाहण्यासाठी अधूनमधून नव्या गोगलगायी सोडण्याची पद्धत प्रचलित आहे. मला ती पसंत नाही, आणि येथे मशरूमचे तुकडे आधीच हाताशी असल्याने तिची गरजही नव्हती.

केलेली कृती

सर्वप्रथम स्रोत बंद केला. नव्या यंत्रातील तांब्याचे कार्ट्रिज काढून टाकावे, असा साधा उपाय सुचत होता, पण यंत्र वॉरंटीत होते आणि ज्यांच्यासाठी ते आणले त्यांना तांब्याचे पाणीच हवे होते. घरातील ज्येष्ठांनी ‘आमचं पाणी आम्हाला राहू दे, माशांचं तुम्ही बघा’ असे सांगून तो प्रश्न निकाली काढला. टाकीसाठी पडदा आणि त्यामागे डीआय रेझिन (पाण्यातील उरलेले आयन काढणारे) असलेला स्वतंत्र संच बसवला. त्याला पाणी स्वयंपाकघरातील नळाऐवजी घराच्या पाणी साठवण्याच्या टाकीवरून आलेल्या प्लास्टिकच्या वेगळ्या पाईपने दिले, म्हणजे पितळेचा संबंधच उरला नाही. संचातील पहिले पाणी ओतून दिल्यावर तपासले, तेव्हा तांबे मर्यादेखाली होते.

त्यानंतर पाण्याचे बदल सुरू केले: आठवड्यातून दोनदा, दर वेळी ७२ लिटर, म्हणजे वीस टक्के. मोठा एकच बदल टाळला, कारण आधीच ताणाखाली असलेल्या प्रवाळांना क्षारता आणि पीएचचा झटका देण्यात अर्थ नव्हता. सोबत धातू शोषणारे चिलेटिंग रेझिन एका छोट्या रिॲक्टरमध्ये आणि सक्रिय कार्बन संपमध्ये ठेवला. सेंद्रिय द्रव्यांना बांधलेले तांबे रेझिनपेक्षा कार्बन आणि स्किमर अधिक काढतात, असा विचार यामागे होता. चार बदलांनंतर, साठ्यातून काहीच परत आले नसते तर, ३८ चे प्रमाण साडेपंधरावर आले असते. प्रत्यक्षात ते २२ होते. हा फरक म्हणजे थरातून परत येणारे तांबे.

त्या आकड्यावरून पुढचा निर्णय झाला. शिंपल्यांचा चुरा काढायचा, पण एकदम नाही. थराच्या खोलवरच्या भागातील हायड्रोजन सल्फाइड आणि साठलेला गाळ एकाच वेळी ढवळला गेला तर मासेही जातात. पाणी बदलताना सायफनच्या नळीनेच दर वेळी एक पट्टा उपसून काढला आणि सुमारे दोन महिन्यांत तळ उघडा केला. खडक तसेच ठेवले.

परिणाम

रेझिन दोनदा बदलल्यानंतर, डिसेंबरच्या अखेरीस, तांबे ९ वर आले. जानेवारीत रेझिन पंधरा दिवस काढून ठेवले आणि मगच पुन्हा नमुना घेतला. रेझिन चालू असताना मिळालेला कमी आकडा साठा संपल्याचा पुरावा नसतो. या वेळी आकडा ७ आला. तो आदर्श नव्हता, पण आयसीपी एकूण तांबे मोजते आणि विषारी असतो तो मुख्यतः मुक्त आयन. जुन्या टाकीतील सेंद्रिय द्रव्यांनी बांधलेले तांबे त्यातून वगळता येत नाही. त्यामुळे हा आकडा स्वच्छ समुद्रासाठी ठरवलेल्या ३.१ शी थेट ताडून घाबरण्याचे कारण नव्हते.

प्राण्यांनी दिलेली साक्ष अधिक उपयोगाची होती. लेदर कोरलने डिसेंबरमध्ये पापुद्रा टाकला आणि ते पूर्ण उघडले. झोअँथिडच्या दोन वसाहती मात्र गेल्या. वेगळ्या भांड्यातील मशरूम परत आणल्यावर फुललेले राहिले. फेब्रुवारीत कोळंबी सोडली आणि तिने दोनदा सुखरूप कात टाकल्यावरच गोगलगायी आणल्या. पुढच्या एप्रिलमध्ये पंखे पुन्हा सात लिटर पाणी उडवू लागले, तेव्हा खरी परीक्षा झाली. मे महिन्याच्या नमुन्यात तांबे ५ होते.

वेगळे काय करता आले असते

ज्या किटने टाकीच्या पाण्यात शून्य दाखवले, तेच किट आरओच्या पाण्यावर वापरले असते तर ११० मायक्रोग्रॅमला ०.१ मिलिग्रॅमच्या पट्टीशी जुळणारा रंग एप्रिलमध्येच दिसला असता. किटची मर्यादा टाकीसाठी अपुरी होती, स्रोतासाठी पुरेशी होती. टाकीत धातू पातळ झालेला आणि शोषला गेलेला असतो, स्रोतात तो सर्वाधिक असतो. तपासणीचा क्रम स्रोताकडून टाकीकडे असायला हवा होता, आणि माझ्यामते या प्रकरणात सर्वांत स्वस्तात वाचवता आलेली गोष्ट हीच होती.

टाकीच्या वहीत पाण्याच्या वाटेवरील प्रत्येक बदल यायला हवा: यंत्र, नळ, पाईप, विहिरीचा पंप, अगदी पाणी साठवण्याची कळशीसुद्धा. वहीत क्षारता आणि नायट्रेटचे आकडे बिनचूक होते आणि दिवाळीतील यंत्राचा उल्लेख नव्हता. टॉप-अपचे लिटर रोज लिहिले जात असते, तर मृत्यू आणि बाष्पीभवन यांचे वर्षभरातील चढउतार शेजारी शेजारी दिसले असते, आणि पावसाळ्यातील सुधारणेचा वेगळा अर्थ लागला असता.

विहिरीचे पाणी थेट वापरता आले असते का, असे मालकांनी नंतर विचारले. तांब्यापुरते पाहिले तर बादलीने काढलेले पाणी यंत्राच्या पाण्यापेक्षा कितीतरी चांगले होते. पण नायट्रेट, सिलिका आणि आसपासच्या बागायतीतील फवारणी यांचा भरवसा देता येत नाही, म्हणून मी तो मार्ग सुचवला नाही.

शिल्लक राहिलेले

ॲल्युमिनियमचा ५५ हा आकडा मुद्दाम बाजूला ठेवला होता, कारण एका वेळी दोन धातूंमागे लागल्यास कोणत्या उपायाने काय झाले हे कळत नाही. मे महिन्यातही तो ५० च्या आसपासच होता. म्हणजे पाण्याची वाट बदलल्याचा त्यावर परिणाम झालेला नाही आणि स्रोत टाकीतच किंवा टाकीच्या वर आहे. संशय चिनी मातीच्या खडकांवर आहे, तसाच शेजारी चालू असलेल्या बांधकामात जांभ्याचे चिरे कापताना उडणाऱ्या लाल धुळीवरही आहे, कारण जांभ्यात लोहाबरोबर ॲल्युमिनियमही मुबलक असते. धूळ कारण असेल तर लोहही दिसायला हवे होते, असा आक्षेप घेता येतो. परंतु प्रवाळ टाकीत लोह लवकर अवक्षेपित होते आणि शेवाळही ते झपाट्याने उचलते, त्यामुळे त्याच्या अभावावरून काही सिद्ध होत नाही. एक खडक गोड्या डीआय पाण्यापासून केलेल्या खाऱ्या पाण्यात, झाकलेल्या बादलीत महिनाभर ठेवून त्या पाण्याचा नमुना पाठवण्याचे ठरले आहे. शेजारचे बांधकाम पावसाआधी थांबेल, आणि त्यानंतरचा टाकीचा नमुना दुसरी बाजू दाखवील.